कानवालीचा डावा कान

गाणी रेकॉर्ड करणाऱ्या लोकांत तिला सगळे कानवाली म्हणत. घरी सासूबाई सूनबाई म्हणायच्या आणि नवरा नुसत्या "अगं"वर भागवायचा. तिचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या गायकांना सांगता आलं नसतं, पण कानवाली म्हटलं की पन्नाशीला टेकलेली, केस घट्ट मागे बांधलेली, कमी बोलणारी ती बाई प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर उभी राहायची.

हे नाव पडलं तेव्हा ती एका मोठ्या स्टुडिओत फोन घ्यायला आणि तारखा लिहून ठेवायला होती. एका दुपारी आत व्हायोलिनचं रेकॉर्डिंग अडून बसलं होतं. कुठून तरी बारीक घरघर येत होती आणि तीन मुरलेली माणसं तासभर वायरी उपसत होती. पाण्याचा जग घेऊन आत गेलेली ही दारातच थबकली आणि म्हणाली की वरच्या मजल्यावरचा पंखा घासतोय, तुमच्या वायरींत काही नाही. वर जाऊन पंखा बंद केल्यावर घरघर थांबली. दुसऱ्या दिवशी मुख्य रेकॉर्डिस्टने तिची खुर्ची फोनपासून उचलून आत नेऊन ठेवली, आणि पुढची अकरा वर्षं ती तिथेच बसली.

मग लोक आपापल्या घरी कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करू लागले आणि स्टुडिओला कुलूप लागलं. कानवालीनेही घरातली मागची खोली मागून घेतली. तिथे पूर्वी सासूबाईंचं शिलाई मशीन होतं. सासूबाईंनी चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले होते, सुईत दोरा ओवता येईना तेव्हा मशीन बंद केलं. भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या, दाराच्या फटीला कापडाची जाड गुंडाळी लावली, टेबलावर कॉम्प्युटर आला आणि खोलीचा धंदा बदलला.

सुरुवातीला एकच स्क्रीन होता आणि त्याने तिला जेरीस आणलं होतं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याच्या पट्ट्या एकीकडे दिसतात, आणि कुणाचा आवाज किती चढला ते दाखवणारा मिक्सर दुसरीकडे. एक खिडकी उघडली की दुसरी झाकली जायची. एकदा ती पट्ट्या बघत असताना पलीकडे एका गायकाचा आवाज तांबड्यात गेला आणि फाटला, आणि तो सूर त्याला पुन्हा लागला नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एक ऑफिस जागा सोडून चाललं होतं, तिथून त्याने एक वापरलेला स्क्रीन उचलून आणला. तो तिने उजवीकडे ठेवला, तर कॉम्प्युटरने तो डावीकडे आहे असं धरलं, आणि सबंध सकाळ तिचा माऊसचा बाण काठावर धडका देत राहिला. आपण दुसरा मॉनिटर लावला असं तिने घरात सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एका वर्गात दोन मॉनिटर ठेवलेस तर भांडतील गं ते." सासूबाईंना डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नसे, पण जे ऐकू यायचं त्यावर त्या गप्प बसत नसत.

मॉनिटर काही भांडले नाहीत. डाव्या स्क्रीनवर पट्ट्या, उजव्यावर मिक्सर आणि मीटरच्या उड्या मारणाऱ्या हिरव्या दांड्या, असं तिचं बस्तान बसलं. पण ती डोळ्यांवर फारशी विसंबत नसे. मीटर म्हणजे साक्षीदार, निकाल कानाचा, असं ती येणाऱ्याला सांगायची. आणि तिने कुणाला "छान" म्हटलं तर तो माणूस ते महिनाभर सांगत सुटायचा, इतकं ते दुर्मीळ होतं.

त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता फोन वाजला. संगीताच्या बाईंचा असणार हे तिला माहीत होतं. बाई शाळेत तीस वर्षं गाणं शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मुलांसाठी त्यांनी स्वतः बांधलेली गाणी कुठेच लिहून ठेवलेली नव्हती. त्यांतली बारा निवडून आवाज आहे तोवर रेकॉर्ड करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. चार झाली होती, पाचवं त्या दिवशी अकराला व्हायचं होतं. कानवालीने सवयीप्रमाणे फोन डाव्या कानाला लावला. पलीकडे कुणीच नव्हतं. दोनदा "हॅलो" म्हणून तिने फोन ठेवला. लगेच तो पुन्हा वाजला. या वेळी हातात चहाचा कप होता म्हणून तिने फोन उजव्या कानाला धरला, तर बाईंचा आवाज लख्ख आला. मघाशी मी एवढं बोलत होते, तू का ठेवलास, असं त्या विचारत होत्या. आवाज येत नव्हता, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

फोन ठेवल्यावर तिने तो पुन्हा डाव्या कानाला नेला नाही. तसं करावंसं वाटलं, पण हात गेला नाही. ती खोलीत जाऊन बसली, हेडफोन चढवले आणि बाईंचं चौथं गाणं लावलं.

उजव्या बाजूला पियानो वाजत होता. डावीकडे काहीच नव्हतं. केबल सैल झाली असेल म्हणून तिने ती काढून पुन्हा बसवली. सॉफ्टवेअरमधली सेटिंग बघितली, गाणं बंद करून उघडलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. प्रत्येक वेळी उजवीकडच्या स्क्रीनवर दोन हिरव्या दांड्या शेजारी शेजारी सारख्याच उड्या मारत होत्या, डावी जितकी, उजवी तितकीच, केसभर फरक नाही. म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून दोन्हीकडे बाहेर पडत होता. मग हेडफोनच गेला असेल. तिने तो काढला, उलटा केला, डावा कप उजव्या कानावर आणि उजवा डाव्यावर. डावा कप धडधाकट होता, उजव्या कानात सुरेख वाजत होता. शांतता मात्र होती तिथेच होती. हेडफोन फिरला, ती फिरली नाही.

दांड्या नाचत होत्या आणि ती त्यांच्याकडे बघत बसली. मग तिने डाव्या कानापाशी बोटं चोळली, टिचकी वाजवली, शेवटी टेबलावरच्या पेन्सिलीने कानामागच्या हाडावर टकटक केली. हाडातून ठोका जाणवला, त्या कानात आवाज आला नाही. आत खूप खोलवर मात्र एक शिटी चालू होती, बारीक, न थांबणारी.

मळ साचला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. सर्दीने दडा बसला असेल. दोन दिवसांत उघडेल. पण हे सांगत असतानाच दुसरा विचार पुढे घुसत होता, की हे बाहेर कळलं तर काय. कानवालीचा कान गेला, एवढेच तर शब्द लागतात. दुपारपर्यंत सगळीकडे पोचले असते, आणि पोचवणाऱ्याला हसूही आलं असतं.

अकराला बाई आल्या. बाई सत्तरीच्या, अंगाने वाळलेल्या, पण पियानोपुढे बसल्या की पाठ ताठ. त्या दिवशी त्यांचा गळा असा काही मोकळा होता की त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. वर्षभरात असा लागला नाही, असं त्या म्हणाल्या. कानवालीने माइक लावला, खोलीतल्या विजेच्या पियानोच्या डाव्या-उजव्या दोन केबल जोडल्या आणि हेडफोन घालून दोन्ही स्क्रीनसमोर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला डोळ्यांनी काम करायचं होतं. पट्टीवर बाईंच्या आवाजाचा आलेख उमटत होता, मीटर हिरव्यात होता, क्वचित पिवळ्याला शिवून परत येत होता, पियानोच्या दोन्ही दांड्या बरोबरीने चालल्या होत्या. उजव्या कानात सगळं व्यवस्थित होतं. तरी खोलीचा अर्धा भाग कुणीतरी कापून नेल्यासारखा वाटत होता, आणि त्या भागात काय चाललंय ते कळायला काही वाट नव्हती.

गाणं संपलं. बाईंनी कळांवरून हात उचलले आणि विचारलं, "कसं झालं?"

"छान," कानवाली म्हणाली.

बाईंचा चेहरा असा उजळला की तिला मान खाली घालावी लागली. पुन्हा एकदा घ्यायचं का, असं बाईंनी विचारलं, तर नको, हेच ठेवू, असं ती म्हणाली. त्यांनी लवकर जावं एवढंच तिला हवं होतं.

त्या गेल्यावर तिने हेडफोन उलटा घातला आणि पियानोची डावी बाजू उजव्या कानाने ऐकायला घेतली. पहिल्या दहा सेकंदांतच ऐकू आलं. चर्र, चट्, चर्र. डावी केबल आत कुठेतरी तुटत आली होती आणि बाईंचा हात जोरात पडला की खरखरत होती, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत. मीटरला त्याचं काहीच नव्हतं, इतक्या बारीक खरखरीने दांडी कशाला हलेल? आणि पूर्वीची ती असती तर दुसऱ्याच सेकंदाला हात वर करून गाणं थांबवलं असतं. पाच मिनिटांत केबल बदलली असती आणि बाईंनी त्याच मोकळ्या गळ्याने पुन्हा म्हटलं असतं.

ती बराच वेळ खोलीतून बाहेर आली नाही. सासूबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली तेव्हा दुसरी हाक तिला ऐकू आली.

बुधवारी ती नवी केबल आणायला बाहेर पडली. दुकान रस्त्याच्या पलीकडे, चौक ओलांडला की. रोजचाच रस्ता. ती निम्म्यात पोचली आणि हॉर्न वाजला. मोठा, अगदी अंगावर. पण कुठल्या बाजूने ते कळेना. एकाच कानात पडणाऱ्या आवाजाला दिशा नसते, हे तिला रस्त्याच्या मधोमध उभं असताना उमगलं. तिने उजवीकडे बघितलं, तिकडे काही नव्हतं. पाय जागचे हलेनात. सामानाची एक गाडी तिच्या डाव्या कोपराला वारा लावून गेली आणि चालवणारा मान बाहेर काढून काहीतरी ओरडला, तेही तिला धड कळलं नाही. एका अनोळखी बाईने दंडाला धरून तिला कडेला आणलं आणि बरं वाटत नाही का, असं विचारलं. ती मानेनेच नाही म्हणाली. केबल न घेताच घरी परतली, आणि जिना चढताना एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने भिंत धरून चढली.

गुरुवारी तिने डोकं दुखतंय म्हणून खोलीचं दार लावून घेतलं. डॉक्टरकडे जायचा विचार तिने केला नाही असं नाही. दिवसातून दहा वेळा केला. पण डॉक्टरने गेला म्हटलं की गेला. तोवर निदान मळ तरी होता. नवऱ्याला सांगावं तर तो लगेच गाडी काढील. तो बोलायचा तेव्हा ती त्याच्या उजवीकडून डावीकडे सरकून बसायची, हसण्यासारखं वाटलं की हसायची.

शुक्रवारी सकाळी ती ओट्यापाशी भांडी विसळत होती. सासूबाई मागच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्या उठल्या, तिच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि नळ बंद केला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून, आई?"

"मी चाळीस वर्षं बायकांच्या खांद्यांची मापं घेतली. तुझी मान चार दिवस डावीकडे वळतेय, उजवा कान पुढे करायला. मी वीस वर्षं तशीच वळवते. मला शिकवू नकोस."

कानवालीने हातातली ताटली ओट्यावर ठेवली. मंगळवारपासून, असं ती म्हणाली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, धीर दिला नाही. त्या बाहेर गेल्या आणि लेकाला कामावर फोन लावून मोठ्याने म्हणाल्या की लिफ्ट पडली तरी चालेल, तू आत्ताच्या आत्ता घरी ये.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर नवरा हळूच म्हणाला, "मोटरचा आवाज जरा बदलला तर मी लिफ्ट थांबवतो. आणि तू चार दिवस बोलली नाहीस." हे त्याने तिच्या डाव्या कानात सांगितलं होतं. ती नुसती समोर बघत राहिली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आणि उठून तो दुसऱ्या बाजूला येऊन बसला. तिथे बसून ते वाक्य काही त्याने पुन्हा म्हटलं नाही. ते तिला कळलं महिनाभराने, त्यानेच सांगितलं तेव्हा.

कानाच्या डॉक्टरांनी आत डोकावून बघितलं आणि मळ नाही, असं सांगितलं. तेवढ्या दोन शब्दांनी तिचा शेवटचा आधार गेला. मग त्यांनी खिशातून दोन दात्यांचा लोखंडी काटा काढला, सूर जुळवायला वापरतात तसला. तिने तो स्टुडिओत हजारदा बघितला होता. टेबलाच्या काठावर आपटून त्यांनी त्याचं बूड तिच्या कपाळाच्या मधोमध टेकवलं आणि आवाज कुठे येतोय ते विचारलं. आवाज मधे यायला हवा हे तिला ठाऊक होतं. तो सरळ उजवीकडे निघून गेला.

पुढची तपासणी काचेच्या छोट्या खोलीत होती. तशा खोल्यांत तिचं आयुष्य गेलं होतं, पण काचेच्या या बाजूला ती कधी बसली नव्हती. बाहेर एक तरुण मुलगी यंत्रापुढे बसली होती. आवाज आला की बटण दाबायचं. उजवा कान झाला, मग डावा. सुरुवातीला काहीच नाही. ही शांतता तिला सहन होईना. उजव्या कानाच्या वेळी सूर किती अंतराने येत होते ते तिच्या अंगात बसलं होतं, एक सूर, तीन मोजायचे, पुढचा सूर. ती मनात ठेका धरून बटण दाबत गेली. पाच-सहा वेळा दाबल्यावर मुलीने दार उघडलं.

"मावशी, मी मगापासून काहीच वाजवलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही कशाला बटण दाबताय?"

कानवालीला रडू फुटलं. चार दिवसांत पहिल्यांदाच. मुलीने पाणी आणून दिलं, थांबली आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून घेतली. या वेळी कानवाली बटणावर बोट ठेवून नुसती बसून राहिली, आणि ते बसणं हे तिने केलेल्या सगळ्या कामांपेक्षा अवघड होतं.

कानातल्या नसेला अचानक मार बसतो, कधी कधी कारण सापडत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जोरदार गोळ्या लगेच सुरू करायच्या, आणि कानाच्या पडद्यातून तीन इंजेक्शनं. कुणाचा कान सगळा परत येतो, कुणाचा थोडा, कुणाचा नाही. मंगळवारीच आला असतात तर बरं झालं असतं, पण शुक्रवार म्हणजे फार उशीर नाही. दुसऱ्या कानाचं काय, हा प्रश्न तिने दारात पोचल्यावर विचारला. शक्यता फार कमी, असं ते म्हणाले. घरी जाताना तिच्या मनात त्यातला एकच शब्द राहिला होता, शक्यता.

संध्याकाळी तिने बाईंना फोन लावला. कान गेल्याचं तिने सांगितलं, पाचवं गाणं खरखरीने खराब झाल्याचं सांगितलं, आणि हे आपल्याला मंगळवारी दुपारीच कळलं होतं हेही सांगितलं. पलीकडे इतका वेळ आवाज नव्हता की तिने घाबरून फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"कान गेला त्याचं वाईट वाटतं गं," बाई शेवटी म्हणाल्या. "पण तू मला छान म्हणालीस. मी चार दिवस त्या शब्दावर काढले." आणि त्यांनी फोन ठेवला.

नऊ दिवस बाईंचा फोन आला नाही. ते नऊ दिवस तिला कानापेक्षा जड गेले. गोळ्यांनी तोंड सुजलं होतं, झोप उडाली होती, इंजेक्शन दिलं की अर्धा तास एका कुशीवर निश्चल पडायचं आणि गिळायचंही नाही. पहिल्या इंजेक्शननंतर काहीच झालं नाही. दुसऱ्यानंतरही नाही. रोज सकाळी जाग आली की ती डोळे उघडायच्या आधी उजवा कान तपासायची, तो आहे ना.

मग बाई आल्या, न कळवता. खोलीत जाऊन सरळ पियानोपुढे बसल्या आणि चल, असं म्हणाल्या. नवी केबल नवऱ्याने आणून ठेवली होती. पाचवं गाणं त्यांनी चार वेळा म्हटलं. एकदाही ते त्या मंगळवारसारखं झालं नाही. दुसऱ्या कडव्यात वरचा सूर गाठताना गळा चिरकत होता. चौथ्यांदा थांबल्यावर त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि या वेळी कानवालीने जे होतं ते सांगितलं. नाही झालं, बाई. बाईंनी मान हलवली. झालं नाही हे त्यांनाही कळत होतं, पण ते तिच्याकडून ऐकायला त्या आल्या होत्या.

मंगळवारचं खराब झालेलं गाणं टाकून द्यायचं नाही, असं कानवालीने त्याच दिवशी ठरवलं. पुढचे अडीच आठवडे ती रोज सकाळी तेच काम करत होती. डाव्या स्क्रीनवर पियानोची पट्टी ताणून सेकंदाचे तुकडे दिसतील इतकी मोठी केलेली, उजव्यावर त्याच आवाजाचं रंगीत चित्र. त्या चित्रात पियानोचे सूर आडव्या रेघांसारखे पसरलेले दिसायचे आणि खरखर म्हणजे केसासारख्या बारीक उभ्या रेघा. एक उभी रेघ शोधायची, पुसायची, डावी बाजू उजव्या कानात वळवून ऐकायची, सूर दुखावला नाही ना ते बघायचं, मग पुढची. दोनशेच्या वर होत्या. प्रत्येक रेघेपाशी तीच भीती असायची, की मला साफ वाटतंय पण साफ आहे का? म्हणून रोज दुपारी बाई यायच्या आणि पुसलेला भाग दोन कानांनी ऐकायच्या. शिक्षिकाच त्या, सहा ठिकाणी चूक काढली. सहावी दुरुस्त झाली तेव्हा, आता राहू दे, असं म्हणाल्या. छान वगैरे कुणीच म्हटलं नाही.

तिसऱ्या इंजेक्शननंतर आठवड्याने नळाचं पाणी तिला डावीकडून ऐकू आलं. फार लांबून, पत्र्याच्या डब्यातून यावं तसं. धावत खोलीत जाऊन तिने पियानोचा एक स्वर दाबला. आनंद पळभर टिकला. एकच स्वर उजव्या कानात एका जागी होता आणि डाव्यात किंचित खाली, बेसूर. एका डोक्यात दोन पियानो, आणि त्यातला एक बिघडलेला. ती पहिल्या दिवशीपेक्षाही जास्त घाबरली, कारण बहिरा कान निदान खोटं तरी बोलत नव्हता. डॉक्टर म्हणाले की नस परत येताना असं होतं, थांबा. ती थांबली. दोन महिन्यांत ते अंतर कमी कमी होत जवळजवळ मिटलं. खालचे सूर परत आले, वरचे फारसे आले नाहीत, आणि शिटी गेली नाही.

बारा गाणी पुरी झाली. आता नवीन कुणी आलं की ती दारातच सांगते, माझा डावा कान निम्माच आहे, डावी बाजू मी उजव्यात वळवून ऐकते आणि शेवटी दुसऱ्या कुणाकडून तपासून घेते. एक गायक विचार करून कळवतो म्हणाला आणि त्याने कळवलं नाही. बाकीचे आले. कानवाली हे नाव कुणी बदललं नाही, तिलाच ते आता ऐकताना अवघडल्यासारखं होतं.

रस्त्याची भीती मात्र जाईना. एकटीने चौक ओलांडायचा म्हटलं की ती फाटकापासूनच परत फिरायची. शेवटी सासूबाईच म्हणाल्या की रोज संध्याकाळी माझ्याबरोबर चल, वीस वर्षांत मी अजून मेले नाही. पहिल्या संध्याकाळी दोघी फाटकाबाहेर पडल्या आणि तिथेच अडल्या. दोघींचा डावा कान अधू, त्यामुळे दुसरी आपल्या उजवीकडे हवी, असा दोघींचाही हट्ट. थोडा वेळ एकमेकींभोवती गोल फिरल्यावर सासूबाईंनी तोडगा काढला. जाताना सूनबाई बोलेल आणि मी ऐकेन, येताना मी बोलेन आणि ती ऐकेल, जागा त्याप्रमाणे.

चौकापाशी आल्यावर सासूबाईंनी तिला हॉर्नकडे लक्ष देऊ नकोस, असं सांगितलं. हॉर्न फसवतो. मान पूर्ण वळवायची, आधी डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे, आणि लोक काय म्हणतील याचा विचार करायचा नाही. कानवालीने मान वळवली. सासूबाईंचा हात घट्ट धरून तिने पहिलं पाऊल रस्त्यावर टाकलं.